दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीचं गिअर ऑइल: बदलावं की राहू द्यावं?

मागच्या उन्हाळ्यात दाजींनी त्यांची २०१० ची होंडा सिटी मला दिली. पाच गिअरची ऑटोमॅटिक, मीटरवर १,४२,००० किलोमीटर. बिलांची फाइल नीट लावलेली होती, पण गिअरबॉक्सच्या तेलाची शेवटची नोंद ६१,००० वर सापडली. म्हणजे ८१,००० किलोमीटर त्या तेलाला कुणी हात लावलेला नव्हता. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका गॅरेजात विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "मालक, इतकी वर्षं हलवलं नाही ना? मग आता हलवू नका. नवं तेल टाकलं की गिअर स्लिप व्हायला लागतोय बगा. मग तुम्ही मलाच बोलणार."

ते मला फसवत नव्हते. उलट हातात आलेलं काम सोडून देत होते. तेल बदललं आणि महिन्याभरात गिअरबॉक्स बसला, अशा गाड्या त्यांनी स्वतः पाहिल्या असणार. जे पाहिलं ते खरं, पण त्यामागचं कारण त्यांनी लावलं त्याहून वेगळं आहे. ते कारण कळलं की जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचं काय करायचं, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

माझं मत आधीच सांगतो. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बिनधास्त बदला. ऑटोमॅटिक असेल आणि नीट चालत असेल, तरीही बदला, पण एका झटक्यात नाही आणि मशीन लावून तर नाहीच. ऑटोमॅटिक आधीच स्लिप होत असेल, म्हणजे इंजिन जोरात फिरूनही गाडी तेवढी पुढे जात नसेल, तर नवं तेल हे त्यावरचं औषध नाही.

आधी गिअरबॉक्स ओळखा

"गिअर ऑइल" या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्म्या चुका इथेच होतात.

मॅन्युअल गिअरबॉक्स सगळ्यांच्या ओळखीचा. त्यातलं तेल फक्त दाते, बेअरिंग आणि सिंक्रोनायझर रिंगा (गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवणाऱ्या) ओल्या ठेवतं. बहुतेक छोट्या गाड्यांत ते साधारण दीड ते अडीच लिटर असतं.

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि आपल्याकडे हा प्रकार घरोघरी पोहोचला. यात गिअरबॉक्सचं तेल वेगळं आणि गिअर टाकणाऱ्या हायड्रॉलिक यंत्राचं तेल वेगळं. त्या यंत्राची छोटी टाकी असते. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की मोठा खर्च.

खरी ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग असलेली. माझी सिटी, जुनी ऑटोमॅटिक आय-टेन, कोरोला या त्यातल्या. इथे तेल एकटं चार कामं करतं: इंजिनाची ताकद पुढे देतं, दाबाने क्लच पकडतं, दाते ओले ठेवतं आणि उष्णता बाहेर नेतं. म्हणून याच प्रकारात तेलाचा प्रश्न सर्वांत नाजूक.

सीव्हीटीमध्ये दाते बदलत नाहीत. पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये फिरतो आणि पट्टा-पुलीची पकड तेलाच्या गुणावर अवलंबून असते. त्यात साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) ओतलं की पट्टा घसरायला वेळ लागत नाही. राहिला ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने गिअर टाकतात तो. त्यात क्लच तेलात बुडालेला असेल तर तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो. फोक्सवॅगन गटाच्या सहा गिअरच्या अशा गिअरबॉक्सला कंपनीने ६०,००० किलोमीटरचा आकडा दिलेला आहे. ड्युअल क्लचची जुनी गाडी असेल तर हे काम घरी करू नका.

आपल्याकडे कुठला आहे कळत नसेल तर गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. शेवटच्या पानांवर तेलाचं नाव आणि मात्रा असते. पुस्तक हरवलं असेल तर त्याच मॉडेलच्या पार्ट्सच्या दुकानात आरसीवरचा चेसिस नंबर दाखवा.

ही भीती आली कुठून

ऑटोमॅटिकच्या आत पोलादी चकत्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारखं घर्षणाचं अस्तर लावलेल्या चकत्या असतात. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींवर दाबल्या की गिअर लागतो. वर्षानुवर्षं हे अस्तर थोडं थोडं झिजतं आणि त्याची भुकटी तेलात मिसळते. उष्णतेने तेलाचाही थर बनतो. चहाच्या भांड्याला आतून जसा तपकिरी थर धरतो तसा हा व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांना धरतो.

आता गाडी कधी गॅरेजात येते ते पाहा. सगळं सुरळीत असताना कुणी गिअरबॉक्सच्या तेलाचा विचार करत नाही. गिअर उशिरा पडायला लागला, धक्के बसायला लागले, की मगच माणूस म्हणतो, "तेल बदलून बघू." तोवर चकत्यांचं अस्तर संपत आलेलं असतं. जुन्या गढूळ तेलातल्या भुकटीमुळे जी थोडी पकड टिकून असते असं म्हणतात, तीही स्वच्छ तेलाने जाते. गाडी दोन-तीन आठवड्यांनी बसते आणि दोष नव्या तेलावर येतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, पण इथे फांदी आधीच कुजलेली असते.

माझ्या एका मित्राच्या गाडीचं अगदी हेच झालं. रिव्हर्स टाकल्यावर तीन-चार सेकंदांनी गाडी मागे सरकायची. पंढरपूरला जाऊन आल्यावर त्याने एका गॅरेजात मशीनने सगळं तेल फ्लश करून घेतलं. निघालेलं तेल काळं होतं आणि त्याला करपलेल्या भाकरीसारखा वास होता. वीस दिवसांत रिव्हर्स पूर्ण गेला. तो आजही म्हणतो, तेलाने घात केला. तो वास त्या दिवशी कुणी गांभीर्याने घेतला असता, तर फ्लशचे पैसे तरी वाचले असते.

फ्लशबद्दल माझं मत ठाम आहे. मशीन नव्या तेलाच्या जोराने सगळं जुनं तेल एका दमात बाहेर ढकलतं. तेल वेळेवर बदललेल्या गाडीला त्याने फारसं बिघडत नाही. पण लाखभर किलोमीटर न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये भिंतींवर बसलेली घाण त्या जोराने सुटते आणि फिल्टरमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या वाटेत जाऊन अडकते. अशा गाडीचं तेल खालच्या प्लगमधून आपोआप निथळेल तेवढंच काढावं, तेवढंच भरावं, आणि काही दिवसांनी पुन्हा.

"आयुष्यभराचं तेल" आणि आपला उन्हाळा

काही कंपन्या सांगतात की गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. ते आयुष्य कुणाचं, हा प्रश्न विचारायला हवा. जगभरातल्या अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच आपल्या गिअरबॉक्सचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. तुमच्या गाडीच्या पुस्तकातही नीट शोधलंत तर "कठीण वापर" असा वेगळा तक्ता असतो. त्यात कडक ऊन, धूळ, शहरातली थांब-चाल आणि घाट यांची नावं असतात. सोलापुरात गाडी चालवणाऱ्याने तोच तक्ता धरायचा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी आणखी कुठला कठीण वापर करणार?

तेलाचं आयुष्य उष्णता ठरवते. जाणकारांचा ढोबळ नियम असा की ८० अंशांच्या वर प्रत्येक दहा अंश वाढले की तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून लोक रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याचा पांढरा थर आत बसला की इंजिनही तापतं आणि गिअरबॉक्सही, आणि गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा समोर नसल्यामुळे ते कळत नाही. जुन्या ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सवर खर्च करण्याआधी रेडिएटर साफ करून योग्य कूलंट भरा. मी सिटीचं पहिलं काम तेच केलं.

तपासणी: तेलाला हात लावण्याआधीचे दोन दिवस

पहिल्या दिवशी सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा. गाडीखाली आधी वाकून बघा, फरशीवर लालसर किंवा तपकिरी डाग आहे का. इंजिन एक मिनिट चालू द्या, ब्रेक दाबून पी वरून आर वर आणा आणि मनात मोजा. गिअर लागल्याचा हलका धक्का एक-दीड सेकंदात जाणवायला हवा. मग डी टाका, पुन्हा मोजा. दोन सेकंदांच्या वर गेलं तर नोंद करा.

मग चालवून बघा. माझी वाट ठरलेली होती: सात रस्त्यावरून विजापूर रस्त्याला थोडं, परत फिरून तुळजापूर घाटापर्यंत. गर्दीत पहिला-दुसरा गिअर कसा पडतो ते कळतं, मोकळ्या रस्त्यावर वरचे गिअर. ५० ते ६० च्या आसपास एकसारखा वेग धरून ठेवा आणि स्टिअरिंग, सीट यांतून थरथर जाणवते का बघा. रस्त्यावरच्या छोट्या दगडी पट्ट्यांवरून गेल्यासारखी ती थरथर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची (एकसारख्या वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या) असू शकते, आणि तेल खराब झाल्याची ही बऱ्याचदा पहिली खूण असते. घाटात एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वर गेला, काटा उडाला, पण गाडी तेवढी पुढे गेली नाही, तर तो स्लिप. माझ्या गाडीत थरथर होती, स्लिप नव्हता. या एका फरकावर पुढचा सगळा निर्णय उभा आहे.

दुसऱ्या दिवशी तेल बघा. डिपस्टिक असेल तर काम सोपं, पण बघायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना बघायचं असतं. होंडात इंजिन पूर्ण तापवून, रेडिएटरचा पंखा फिरून झाल्यावर, इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. ही पद्धत चुकली की पातळी चुकीची दिसते आणि माणूस उगाच तेल वाढवतो.

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब पसरून मोठा गोल झाला आणि रंग लालसर-तपकिरी राहिला, तर तेल थकलंय पण जिवंत आहे. मध्ये काळा ठिपका तसाच बसला आणि पसरलाच नाही, तर त्यात भुकटी भरलेली आहे. चिमटीत चोळून बघा. मऊ लागलं तर ठीक, वाळूसारखं खरखरीत लागलं तर धातू. वास घ्या, करपट वास असेल तर चकत्या जळालेल्या आहेत. आणि तेल गुलाबी, फेसाळ, लस्सीसारखं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. रेडिएटर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलेलं आहे, आणि अस्तराच्या चकत्या पाण्याने सुटतात.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावणारा माणूस मिळाला तर गिअरबॉक्सचे कोड वाचून घ्या. पी ०७४१ दिसला तर लॉक-अप क्लचकडे संशय. पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, म्हणजे आत कुठेतरी स्लिप आहे. वाचल्याशिवाय कोड पुसू देऊ नका.

मॅन्युअलसाठी एवढं सगळं लागत नाही, पण एक कसोटी करा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर सगळेच जड जातात, तर दोष क्लचचा आहे, तेलाचा नाही. फक्त दुसरा गिअर सकाळी थंडीत जड जातो आणि गाडी तापल्यावर सुटतो, तर तेल बदलून नक्की फरक पडेल. गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो तर सिंक्रोनायझर रिंग झिजली आहे. पाचवा गिअर आपोआप सुटतो, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

आता निर्णय

इतकं बघितलं की प्रश्न फार मोठा राहत नाही. गाडी नीट चालते, तेल नुसतं तपकिरी झालंय: बदला. हलकी थरथर आहे, गिअर किंचित उशिरा पडतो, पण स्लिप नाही आणि वास करपट नाही: बदला, पण टप्प्याटप्प्याने. माझी गाडी याच खान्यात होती.

स्लिप होतंय, तेल काळं आहे, वास करपट आहे: तेलावर पैसे घालू नका. ऑटोमॅटिकचं काम खरोखर करणाऱ्या माणसाला दाखवा, उघडण्याचा खर्च विचारा आणि तो गाडीच्या आजच्या किमतीशेजारी ठेवून बघा. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीच्या बाबतीत कधीकधी उत्तर "आहे तशी गावात फिरवा आणि विका" असं येतं. विकताना मात्र घेणाऱ्याला खरं सांगा. आवाज दबावा म्हणून जाड तेल भरून गाड्या विकल्या जातात आणि घेणारा माणूस बार्शी नाक्याच्या पुढे जाईपर्यंत खूश असतो. हे करू नका, आणि घेताना यापासून सावध राहा.

तेल कुठलं घ्यायचं

ब्रँडच्या आधी स्पेसिफिकेशन बघायचं. डब्यावर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय याला महत्त्व नाही, पुस्तकातलं नाव डब्याच्या मागच्या बारीक यादीत आहे का ते बघा. होंडाच्या साध्या ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, टोयोटाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस, असं प्रत्येकाचं ठरलेलं असतं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं तेल मी जुन्या गिअरबॉक्समध्ये घालणार नाही. अस्तराची पकड किती आणि कधी धरायची हे तेलातली रसायनं ठरवतात, आणि झिजलेल्या चकत्यांना तिथे चूक परवडत नाही.

मॅन्युअलसाठी पुस्तकात बहुतेक ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० (तेलाचा जाडपणा) आणि पुढे जीएल-४ (तेलाचा प्रकार) असं दिसेल. इथे दुकानदार "हे जीएल-५ घ्या, वरच्या दर्जाचं आहे" म्हणतो. घेऊ नका. जीएल-५ मध्ये दात्यांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला ती हवीत, पण मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना ती खाऊ शकतात. कंपनीने जीएल-५ सांगितलं असेल तरच वापरा. काही गाड्यांना कंपनी पातळ एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं खास तेल) सांगते, तिथे ९० नंबरचं जाड तेल ओतलं तर थंडीत गिअरच पडत नाही.

नकली तेल बाजारात आहे. अधिकृत वितरकाकडून, सीलबंद डब्यात, बिलासह घ्या. काम झाल्यावर रिकामा डबा फोडून टाका, तो पुन्हा भरला जाऊ नये.

मॅन्युअलचं काम

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, तेल कोमट झालं की लवकर उतरतं. फार गरम असेल तर हात भाजेल. गाडी सपाट हवी. ग्रीसपिट किंवा रॅम्पवर काम सोपं होतं. घरी जॅकवर करणार असाल तर गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर ठेवा, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका. हे वाक्य मी पुन्हा लिहितो: नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तेल काढायचा प्लग उघडण्याआधी भरायचा प्लग उघडा. जुन्या गाडीत भरायचा प्लग गंजून बसलेला असतो. तेल आधी काढलंत आणि भरायचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. प्लगला योग्य मापाचाच पाना लावा, कडा गोल झाल्या की काम दुप्पट. प्लग उघडत नसेल तर गंज सोडवणारं स्प्रे मारून रात्रभर ठेवा. काही गाड्यांना वेगळा भरायचा प्लगच नसतो आणि वरच्या दुसऱ्या छिद्रातून मोजून भरावं लागतं. ते आधी पुस्तकात बघून घ्या.

मग खालचा प्लग काढा आणि तेल पूर्ण निथळू द्या, निदान वीस मिनिटं. तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा आहे, घाबरू नका. प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर काळपट लोण्यासारखा लगदा दिसेल. तो झिजेचा नेहमीचा भाग आहे. तुकडे, दात्यांचे टवके दिसले तर मिस्त्रींना दाखवा. पिवळसर चमक म्हणजे सिंक्रोनायझरचं पितळ.

प्लग पुसा, वॉशर नवा घाला. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी तेल गळत राहिलेली गिअरबॉक्स मी पाहिली आहे, आणि मॅन्युअल गिअरबॉक्स जुन्या तेलापेक्षा कमी तेलाने जास्त मरतात. खालचा प्लग घट्ट करून वरच्या छिद्रातून नळीने तेल हळू भरा. तेल छिद्राच्या काठाशी येऊन बाहेर ओघळायला लागलं की झालं. ओघळ थांबू द्या, प्लग लावा. जाता जाता दोन्ही ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकांना ताकद देणाऱ्या दांड्यांच्या) सीलवर ओलसरपणा आहे का बघा. आणि गिअरबॉक्सचा छोटा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) धुळीने बुजलेला असेल तर साफ करा. तो बुजला की आत हवेचा दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येतं.

एएमटीत गिअरबॉक्सचं तेल असंच बदलतात. गिअर टाकणाऱ्या यंत्राच्या टाकीला हात लावायचा असेल, तर ज्याच्याकडे क्लच शिकवून घेणारा स्कॅनर आहे त्याच्याकडेच जा.

ऑटोमॅटिकचं काम, माझ्या गाडीच्या क्रमाने

मी हे काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या गॅरेजात, समोर उभं राहून करून घेतलं. दोन रिकाम्या बाटल्या, लिटरच्या खुणा असलेलं भांडं आणि वही घरून नेली.

गाडी तापवली, पातळी बघितली, लिहून ठेवली. भरायची जागा मोकळी आहे याची खात्री केली. मग खालचा प्लग. माझ्या गाडीत त्याला चौकोनी खाच आहे, ३/८ इंची रॅचेट थेट बसतं. मिस्त्रींना म्हटलं, "अण्णा, मशीन नको, आपोआप येईल तेवढंच." तेल मोजलं, अडीच लिटर निघालं. गिअरबॉक्समध्ये एकूण सहा लिटरच्या आसपास असतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये राहतं, आणि तेच आपल्याला हवं आहे. चुंबकावर बारीक काळा लगदा होता, तुकडे नव्हते.

प्लग नव्या वॉशरसह लावला आणि बरोबर अडीच लिटरच भरलं. निघालं तेवढं भरायचं, हा या कामाचा कणा आहे. जास्त झालं तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात, फेसात दाब टिकत नाही आणि गिअर स्लिप होतो. कमी झालं तर पंप हवा ओढतो. इंजिन सुरू करून ब्रेक दाबून पी, आर, एन, डी प्रत्येकात काही सेकंद ठेवलं, गाडी तापवून पातळी पुन्हा बघितली.

सहातलं अडीच बदललं की ४२ टक्के तेल नवं होतं. पुन्हा तसंच केलं की ६६ टक्के, तिसऱ्यांदा ८० टक्के. मी पहिल्यानंतर ५०० किलोमीटर चालवून दुसरं केलं, त्यानंतर साधारण १,००० किलोमीटरवर तिसरं. तीन वेळा मिळून साडेसात लिटर तेल लागलं. फ्लशला याहून जास्त लागतं. दर वेळी निघालेल्या तेलाचा नमुना बाटलीत ठेवला. पहिली बाटली काळपट चहासारखी, तिसरी डाळिंबाच्या रसासारखी. थरथर पहिल्या बदलानंतर कमी झाली आणि दुसऱ्यानंतर गेली.

तुमच्या गिअरबॉक्सला खाली पॅन आणि आत फिल्टर असेल, तर दुसऱ्या बदलाच्या वेळी पॅन खोलून फिल्टर आणि गास्केट बदला. पॅनचे बोल्ट लहान असतात, जोर लावला की तुटतात. समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत पातळी स्कॅनरवर तेलाचं तापमान बघून, ठरलेल्या तापमानालाच, खालचा लेव्हल प्लग उघडून बघतात. ते तापमान साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतं, आणि मे महिन्यात दुपारी आपल्याकडे गाडी सुरू न करताच तेल तिथे पोहोचतं. अशा गाडीचं काम पहाटे लावा.

सीव्हीटीचं काम याच रीतीने, फक्त तेल कंपनीचंच आणि अंतर कमी. मी जुन्या सीव्हीटीला ४०,००० किलोमीटरच्या पुढे जाऊ देणार नाही.

नंतरचा महिना

पहिले दोन-तीन दिवस गिअर वेगळे पडल्यासारखे वाटू शकतात. गाडीचा संगणक जुन्या तेलाची सवय धरून दाब ठरवत असतो. स्कॅनरवाल्याकडून ती सवय पुसून घेता येते, किंवा शांतपणे शंभरेक किलोमीटर चालवली की ती आपोआप बसते. या दिवसांत जोरात पळवू नका, घाट टाळा. रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून गळती बघा. पहिल्याच बदलानंतर स्पष्ट स्लिप सुरू झाला तर दुसरा बदल थांबवा आणि गाडी दाखवा.

काढलेलं तेल नाल्यात किंवा अंगणात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजातल्या जुन्या तेलाच्या पिंपात टाका. शेतावरच्या फळ्यांना लावायला किंवा वाळवीवर ओतायला कुणी मागितलं तरी देऊ नका, ते मातीत आणि विहिरीत उतरतं.

शेवटी बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव, किती निघालं, किती भरलं. माझ्या कागदावर तिसऱ्या बदलाची नोंद १,४३,७०० किलोमीटरची आहे, आणि खाली लिहिलंय: पुढचं १,७३,००० ला, एकदाच, अडीच लिटर.